एरर येतात, पण सेंट्रीत दिसत नाहीत: ऐच्छिक एरर ट्रॅकिंग गुपचूप बंद पडतं तेव्हा

लक्षण नेहमीचंच. सेंट्री म्हणजे आपल्या कोडमधल्या चुका (एरर) गोळा करून दाखवणारी सेवा. तिचा डॅशबोर्ड उघडावा तर कित्येक आठवड्यांत एकही एरर नाही. आणि तिकडे कोथरूडच्या एखाद्या सोसायटीचे खजिनदार काका फोनवर: "अहो, पावती डाउनलोडच होत नाहीये. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं." सर्व्हरवर जाऊन लॉग उपसला की तोच ट्रेसबॅक (चूक कोडमध्ये कुठे झाली ते सांगणारी यादी) पुन्हा पुन्हा सापडतो. मग कोणीतरी डीएसएन, म्हणजे एरर सेंट्रीत कुठे पाठवायच्या तो पत्ता, परत भरतं, सर्व्हिस रीस्टार्ट होते, थोडे दिवस एरर दिसतात आणि पुढच्या एखाद्या डिप्लॉयनंतर (नवा कोड सर्व्हरवर चढवल्यावर) पुन्हा सामसूम.

आमची सेवा पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांची देखभाल बिलं आणि पावत्या काढते. वेबसाठी पायथनचं फ्लास्क, पार्श्वभूमीतल्या कामांसाठी सेलरी, पुढे ब्राउझरात रिअ‍ॅक्ट. त्यामुळे खालचं बरंचसं पायथनला धरून आहे, पण नोड (सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट) आणि गो भाषावाल्यांनाही जिथे हे असंच नडतं तिथे तसं सांगितलं आहे. ग्लिचटिप (सेंट्रीसारखंच दुसरं साधन) वापरत असाल तरी जवळजवळ सगळं लागू पडेल, कारण तिथेही सेंट्रीचंच एसडीके (आपल्या कोडमध्ये बसवायची लायब्ररी) लागतं.

आधी मूळ दुखणं

एरर ट्रॅकिंग ऐच्छिक ठेवण्यात काहीच गैर नाही. नवीन मुलाने लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालवला तर त्याच्या चुका प्रॉडक्शनच्या (खऱ्या चालू सेवेच्या) यादीत नकोत. टेस्ट चालताना नकोत. एखादं गिऱ्हाईक आपल्याच सर्व्हरवर सेवा बसवतं आणि म्हणतं, आमचा डेटा बाहेर जाता कामा नये. त्यालाही ती बंद करता आली पाहिजे. एसडीकेसुद्धा याला अनुकूल आहे. डीएसएन रिकामा असेल तर ते काहीच पाठवत नाही, एरर पकडायचे कॉल कोडमध्ये तसेच राहिले तरी कुठे अडत नाही.

घोळ होतो तो यामुळे की "मुद्दाम बंद ठेवलंय" आणि "चालू असायला हवं होतं पण बंद पडलंय" या दोन्ही स्थिती बाहेरून सारख्याच दिसतात. रखवालदार झोपलाय की सोसायटीत खरंच सगळं आलबेल आहे, हे गेटबाहेरून कळत नाही, तसं. म्हणून कारणं शोधायच्या आधी एक गोष्ट करून टाका: सर्व्हिस सुरू होताना लॉगमध्ये एक ओळ पडलीच पाहिजे. चालू असेल तर "एरर ट्रॅकिंग चालू", सोबत होस्ट, प्रोजेक्ट क्रमांक, एन्व्हायर्नमेंट (प्रॉडक्शन की चाचणीचं स्टेजिंग) आणि रिलीज (कोडची आवृत्ती). बंद असेल तर "एरर ट्रॅकिंग बंद, डीएसएन दिलेला नाही". बंद असतानाची ओळ जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच कोणी लिहीत नाही.

यावर माझं मत थोडं कडक आहे. डीएसएन नसेल तर सेवा चालू द्या. डीएसएन दिलाय पण तो चुकीच्या घडणीचा आहे, तर सेवा सुरूच होऊ देऊ नका, तिथल्या तिथे पडू द्या. डिप्लॉय करणारा माणूस त्या क्षणी समोर बसलेला असतो. डीएसएन बरोबर आहे पण सेंट्रीचा सर्व्हर सापडत नाही, तर मात्र सेवेला धक्का लागता कामा नये. खूप ठिकाणी या तिन्ही परिस्थिती एकाच ट्राय-एक्सेप्टमध्ये कोंबलेल्या असतात आणि एक्सेप्टच्या खाली नुसतं पास, म्हणजे चूक पकडून काहीच करायचं नाही.

डीएसएनची किंमत (व्हॅल्यू) चालू प्रोसेसपर्यंत पोहोचली आहे का?

एन्व्ह फाइल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सेटिंग्ज, लिहून ठेवायची फाइल) उघडून "आहे की डीएसएन" म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. फाइलमध्ये काय आहे याला अर्थ नाही, चालू प्रोसेसच्या हातात काय आहे ते बघायचं. लिनक्सवर त्यासाठी सोपी जागा आहे: प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाचं फोल्डर असतं, त्यात एन्व्हायरॉन नावाची फाइल. ती वाचायला रूट लागतं किंवा प्रोसेस ज्या यूजरखाली चालते तो यूजर. फाइलमधल्या नोंदी नल बाइटने वेगळ्या केलेल्या असतात, त्यामुळे नुसती कॅट केली तर सगळं एका ओळीत चिकटून येतं. टीआर कमांडने नलच्या जागी नवी ओळ घाला आणि मग ग्रेप करा.

यात एक मेख आहे. ही फाइल प्रोसेस सुरू झाली तेव्हाची स्थिती दाखवते. तुमचा कोड नंतर डॉटएन्व्ह लायब्ररीने फाइल वाचून व्हेरिएबल भरत असेल तर ते इथे दिसणार नाहीत. आणि डॉटएन्व्हची स्वतःची एक सवय आहे: व्हेरिएबल आधीपासून असेल तर ती त्याला हात लावत नाही, मग ते रिकामं का असेना. आता डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये (सेवा ज्या बंदिस्त कंटेनरमध्ये चालते तो कसा सुरू करायचा, ते इथे लिहितात) "बाहेरून डीएसएन मिळाला तर तो घे, नाहीतर रिकामा ठेव" अशी ओळ टाकलेली असते, कारण ट्रॅकिंग ऐच्छिक आहे ना! परिणाम असा की कंटेनरमध्ये डीएसएन नावाचं व्हेरिएबल रिकाम्या किमतीसह हजर असतं, डॉटएन्व्ह ते बघून पुढे जाते आणि फाइलमधला अगदी बरोबर डीएसएन कोणी वाचतच नाही. फाइल बरोबर, कंपोज बरोबर, कोड बरोबर, आणि तरी ट्रॅकिंग बंद. हे शोधायला अख्खी दुपार जाऊ शकते. उपाय म्हणजे दोनपैकी एकच वाट ठेवा. कंटेनर असेल तर सगळं कंपोजमधून, डॉटएन्व्ह फक्त लॅपटॉपसाठी.

डॉकरवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. एन्व्ह फाइल बदलून कंपोज रीस्टार्ट केलं तर जुनाच कंटेनर जुन्याच किमतींसह परत उठतो. कंटेनर नव्याने तयार व्हायला हवा, म्हणजे कंपोज अप. "रीस्टार्ट करून बघितलं, फरक नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते. सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर एन्व्हायर्नमेंट फाइल बदलल्यावर रीस्टार्ट पुरतो, युनिट फाइलच बदलली असेल तर डिमन-रीलोडही लागतो. आणि स्वतःच्या बॅशआरसीत (टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) एक्सपोर्ट केलेली किंमत सिस्टमडीच्या सर्व्हिसला कधीच मिळत नाही, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

अवतरणचिन्हांचा उपद्रव

डीएसएन दिसायला साधा यूआरएल असतो: एचटीटीपीएस, मग पब्लिक की, अ‍ॅट, होस्ट, तिरकी रेघ आणि शेवटी प्रोजेक्टचा क्रमांक. एन्व्ह फाइलमध्ये लिहिताना सवयीने तो दुहेरी अवतरणात जातो. कंपोज ती फाइल वाचताना अवतरण काढून टाकतं. पण तीच फाइल डॉकर रनला एन्व्ह-फाइल म्हणून दिली की अवतरणचिन्हं किमतीचाच भाग होऊन आत जातात. स्टेजिंग कंपोजवर आणि प्रॉडक्शन डॉकर रनच्या जुन्या स्क्रिप्टवर असेल तर एकच फाइल एकीकडे चालते, दुसरीकडे नाही. कंपोज फाइलमध्येच एन्व्हायर्नमेंटची यादी डॅश देऊन लिहिली आणि बरोबरच्या चिन्हानंतर अवतरण टाकलं, तर तिथेही ते तसंच आत जातं.

अशा डीएसएनवर पायथनचं एसडीके सुरू होतानाच बॅड-डीएसएन एक्सेप्शन फेकतं, "अनसपोर्टेड स्कीम" म्हणून. कारण पहिलंच अक्षर अवतरणचिन्ह, मग स्कीम ओळखणार कशी? ते एक्सेप्शन त्या मघाच्या पासमध्ये गिळलं गेलं की झालं. नोडचं एसडीके तर एक्सेप्शनही फेकत नाही; कन्सोलवर "इनव्हॅलिड सेंट्री डीएसएन" अशी ओळ छापतं आणि आपलं पुढे चालू लागतं. सर्व्हिस सुरू होतानाच्या ढीगभर लॉगमध्ये ती ओळ कोण बघतो?

याच जातीचा दुसरा प्रकार: बंद करायचंय म्हणून कोणीतरी डीएसएनच्या जागी "नन" किंवा "फॉल्स" असं लिहून ठेवतं. कोडच्या दृष्टीने ती भरलेली स्ट्रिंग आहे. बंद करायचं असेल तर किंमत रिकामी ठेवा, शब्द लिहू नका.

पॅकेजच नाही

ऐच्छिक म्हटलं की सेंट्रीचं एसडीके पॅकेजच्या एक्स्ट्रामध्ये (मागितलं तरच बसणाऱ्या यादीत) जातं, मुख्य यादीत नाही. मग कोडमध्ये "इम्पोर्ट करून बघ, नसेल तर सोड". कोणीतरी कंटेनरची इमेज हलकी करायला डॉकरफाइल आवरते, पिप इन्स्टॉलच्या ओळीतला चौकटी कंसातला एक्स्ट्रा गळतो, बिल्ड व्यवस्थित होतं, टेस्ट पास होतात. पुढच्या डिप्लॉयनंतर सामसूम. डिप्लॉयनंतर पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारीत मी सगळ्यात आधी इथे बघतो. चालू कंटेनरमध्ये शिरून पिपला सेंट्री-एसडीकेची माहिती विचारली की लगेच कळतं. कोडमध्ये दुरुस्ती सोपी आहे: डीएसएन दिलेला असेल आणि इम्पोर्ट फसला, तर गप्प बसायचं नाही. किंवा सरळ पॅकेज मुख्य यादीत घ्या. त्याचं वजन फारसं नाही. ऐच्छिक ठेवायचंय ते पाठवणं, पॅकेज नव्हे.

वेब चालू, वर्कर मुका

काकांची पावती इथे अडकलेली असते. पावतीची पीडीएफ वेब प्रोसेसमध्ये बनत नाही, सेलरीच्या वर्करमध्ये बनते. फ्लास्कच्या अ‍ॅप फाइलमध्ये सेंट्री सुरू केली असेल आणि वर्कर फक्त टास्कची फाइल इम्पोर्ट करत असेल, तर वर्करला सेंट्रीचा पत्ताच नसतो. वेबच्या एरर येत राहतात, त्यामुळे "ट्रॅकिंग चालू आहे" असा सगळ्यांचा समज, आणि खरी पडझड वर्करमध्ये. जँगोत (पायथनचं दुसरं वेब फ्रेमवर्क) सेटिंग्जमध्ये सुरू केलं तर दोन्हीकडे मिळतं, कारण वर्करही सेटिंग्ज वाचतो. बाकीच्यांनी सुरुवातीचं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये काढून दोन्हीकडून बोलवावं. सेलरीत त्यासाठी सेलरीडी-इनिट हा सिग्नल आहे. क्रॉनमधून ठरल्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टही याच रांगेत मोजा. महिन्याच्या पहिल्या तारखेला बिलं काढणारी स्क्रिप्ट पडली तर ते सेंट्रीला सांगणारं कोणी आहे का, बघा.

यूडब्ल्यूएसजीआयवर (पायथनची वेब सेवा चालवणारा सर्व्हर) अजून एक खोड आहे. एसडीके इव्हेंट (एररची नोंद) पाठवायचं काम पार्श्वभूमीतल्या थ्रेडवर टाकतं आणि यूडब्ल्यूएसजीआय मुळात पायथनचे थ्रेड बंद ठेवून सुरू होतं. कॉन्फिगमध्ये इनेबल-थ्रेड्स लिहिलं नाही तर इव्हेंट तयार होतो, रांगेत लागतो आणि तिथेच बसतो. एसडीके याबद्दल इशारा छापतं, पण तो वाचला तर ना.

नोडमध्ये याचाच भाऊ: एरर पकडली, सेंट्रीला दिली आणि पुढच्याच ओळीत प्रोसेस एक्झिट. इव्हेंट वाटेत असतानाच प्रोसेस मरते. आधी फ्लश करा (रांगेतलं पाठवून टाका), दोन सेकंद द्या, मग एक्झिट. गोमध्ये फ्लश डिफर केलेला (फंक्शन संपताना चालेल असा ठेवलेला) असतो, पण लॉग-फेटलने बाहेर पडलात तर डिफर चालतच नाहीत. गोची इमेज अगदी रिकाम्या स्क्रॅच बेसवर बांधली असेल तर आणखी एक: आत सीए सर्टिफिकेट (समोरचा सर्व्हर खरा आहे का ते पडताळायला लागणारी) नसतात, त्यामुळे सेंट्रीशी एचटीटीपीएस जोडणीच होत नाही.

कोडच गिळतोय

इथवर सगळं ठीक निघालं तर फ्लास्कचा सर्वसाधारण एरर हँडलर बघा. "काहीतरी चुकलं, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा" असं नम्र उत्तर देणारा जो हँडलर सगळीच एक्सेप्शन पकडतो, तो सेंट्रीच्याही आधी पकडतो. फ्लास्कच्या दृष्टीने एक्सेप्शन हाताळलं गेलं, त्यामुळे ज्या सिग्नलवर सेंट्री कान लावून बसलेली असते तो वाजतच नाही. हँडलरमध्ये एक्सेप्शन पकडून पाठवायची एक ओळ टाका, एवढंच. लॉगिंगच्या बाबतीत एरर पातळीची नोंद आपोआप इव्हेंट म्हणून जाते. वॉर्निंग जात नाही. त्यामुळे "लॉगमध्ये आहे पण सेंट्रीत नाही" असं असेल तर आधी पातळी बघा. नोडमधल्या एक्सप्रेस फ्रेमवर्कवाल्यांनी सेंट्रीचा एरर हँडलर सगळ्या राउट्सच्या नंतर, पण आपल्या स्वतःच्या एरर मिडलवेअरच्या आधी आहे ना ते पाहावं.

दोन छोट्या गोष्टी, पण दोन्ही नेहमी भेटतात. बिफोर-सेंड फंक्शनमध्ये इव्हेंट साफसूफ करून परत द्यायचा राहिला तर पायथन नन परत देतं, आणि नन म्हणजे "हा इव्हेंट टाकून दे". आणि सॅम्पल-रेट हा एररसाठी, ट्रेसेस-सॅम्पल-रेट हा परफॉर्मन्ससाठी. खर्च कमी करायला दुसरा कमी करायचा असतो. चुकून पहिला शून्य पॉइंट एक केला तर दहातल्या नऊ एरर गायब.

ब्राउझर

रिअ‍ॅक्टचा डीएसएन कंटेनरला रनटाइमला देऊन उपयोग नाही. बिल्डचं साधन व्हीट असो की नेक्स्ट, किंमत बिल्डच्या वेळी जावास्क्रिप्टमध्ये छापली जाते, आणि व्हेरिएबलच्या नावाला त्या त्या साधनाचं ठरलेला उपसर्ग नसेल तर तीही नाही. बिल्ड झालेल्या फाइलमध्ये सेंट्रीच्या होस्टचं नाव ग्रेप करा, नसेल तर बाकीचं शोधत बसू नका. असेल तर ब्राउझरचा नेटवर्क टॅब: अ‍ॅड ब्लॉकर सेंट्रीच्या विनंत्या सर्रास अडवतात, आणि कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीच्या कनेक्ट-एसआरसीत (पानाला कोणत्या सर्व्हरशी बोलायची परवानगी आहे त्या यादीत) होस्ट नसेल तर ब्राउझर स्वतःच अडवतो. अ‍ॅड ब्लॉकरवर टनल हा पर्याय आहे, इव्हेंट आपल्याच सर्व्हरमार्गे पुढे जातात.

तरीही येत नसेल

एसडीकेचा डीबग चालू करा. मग ते काय पाठवतंय, काय टाकतंय, स्वतःच सांगतं. ४२९ उत्तर येत असेल तर कोटा संपलाय किंवा मर्यादा लागली आहे. एसडीके तेवढा वेळ इव्हेंट मुकाट्याने टाकून देतं. हे बहुधा एकाच एररने लूपमध्ये धुमाकूळ घातल्यामुळे होतं. किंवा कोणाच्या तरी लॅपटॉपमुळे: एन्व्हायर्नमेंट दिलं नाही तर एसडीके ते प्रॉडक्शन धरतं, हे लक्षात घ्या. इव्हेंट जातच नसेल तर सर्व्हरवरून बाहेर ४४३ पोर्ट त्या होस्टला उघडा आहे का ते कर्ल कमांडने बघा. सरकारी किंवा बँकेच्या नेटवर्कमध्ये बसवलेल्या सेवेत तो बहुधा बंद असतो, प्रॉक्सीचा (मधल्या सर्व्हरचा) पत्ता द्यावा लागतो.

चालू करताना काय बाहेर जातं

ट्रॅकिंग ऐच्छिक ठेवण्यामागचं खरं कारण इथे आहे, म्हणून थोडं थांबतो. पायथनचं एसडीके ट्रेसबॅकसोबत प्रत्येक फ्रेममधले लोकल व्हेरिएबलही पाठवतं, मूळ सेटिंगमध्ये ते चालूच असतं. पावती बनवणारं फंक्शन पडलं तर त्या क्षणी त्याच्या हातात सदनिकाधारकाचं नाव, मोबाइल, थकबाकी असं सगळं असतं. पासवर्ड, टोकन, सीक्रेट अशा नावांच्या किमती एसडीके झाकतं. पण "भ्रमणध्वनी" हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहून कोणी व्हेरिएबलला दिलं असेल, तर एसडीकेला ते काय कळणार? झाकायच्या नावांची यादी वाढवता येते, ती वाढवा, किंवा लोकल व्हेरिएबल पाठवणंच बंद करा.

आणि ते जातं कुठे? अ‍ॅझ्युअरचा सेंट्रल इंडिया विभाग पुण्यातच आहे. तुमचा डेटाबेस तिथे ठेवून तुम्ही गिऱ्हाइकाला "डेटा पुण्याबाहेर जात नाही" सांगत असाल, तर सेंट्रीच्या क्लाउडवर एरर अमेरिकेत किंवा फ्रँकफर्टला जातात, संस्था उघडताना जो विभाग निवडलात त्याप्रमाणे. होस्टच्या नावातच ते दिसतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून सोसायट्यांच्या कमिट्याही हे विचारू लागल्या आहेत, विशेषतः सप्टेंबरच्या वार्षिक सभेच्या आसपास, जेव्हा कोणीतरी निवृत्त इंजिनिअर उठून प्रश्न विचारतातच.

डेटा आपल्याच ताब्यात हवा असेल तर सेंट्री स्वतः बसवता येते, पण काफ्का, क्लिकहाउस, पोस्टग्रेस, रेडिस असा सगळा बारदाना सोबत येतो आणि १६ जीबी मेमरी किमान मागते. छोट्या सेवेला ग्लिचटिप बरं. फक्त ते ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या पीसीवर नको. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की ट्रॅकिंग गेलं. ज्या सर्व्हरवर मूळ सेवा आहे तिथेही नको, दोघं एकत्रच आडवे होतील.

डिप्लॉयनंतरची खात्री

प्रत्येक डिप्लॉयच्या शेवटी एक टेस्ट इव्हेंट पाठवा, एक वेबमधून आणि एक वर्करमधून. स्वतःच्या टर्मिनलवरून पाठवलेला धरायचा नाही, त्याने फक्त तुमच्या टर्मिनलची तब्येत कळते. वेबसाठी आतल्या वापराचा एखादा बंदिस्त राउट, वर्करसाठी एक छोटं टास्क. मात्र ईमेलची वाट बघू नका. एकाच मजकुराचे इव्हेंट सेंट्री एकाच इश्यूखाली जमा करते, आणि "नवीन इश्यू" असा अलर्ट लावला असेल तर तो पहिल्यांदाच वाजतो. त्या इश्यूत आताच्या रिलीजचा इव्हेंट आलाय का, ते बघायचं; सेंट्रीच्या एपीआयला विचारून डिप्लॉयची स्क्रिप्टच हे करू शकते. काही मिनिटांत आला नाही तर डिप्लॉय फसलं असं धरा आणि वरच्या प्रॉक फोल्डरपासून सुरुवात करा.